एक तारखेची गोळी

‘डॉक्टर, तुमच्या गोळीनं आमचा ऑस्कर चाललाय.’

सकाळी सहाला फोन उचलला आणि कानावर पहिलं हेच पडलं. नाव सांगायची गरज नव्हती. ऑस्कर म्हणजे चोवीस किलोचा कुत्रा, कॉली या मेंढपाळी जातीचा, पांढरी छाती, चारही पंजे पांढरे. हार्टवर्म, म्हणजे डासांतून येणारा जंत, रोखायची आयव्हरमेक्टिनची महिन्याची गोळी त्याला वर्षभरापूर्वी मीच सुरू केली होती. तेव्हाही त्याच्या मालकांनी विचारलं होतं, ‘या जातीला हे औषध चालत नाही म्हणतात ना?’ मी हसून म्हटलं होतं, ‘या डोसला चालतं.’ पांढरे पंजे दिसले की आयव्हरमेक्टिन द्यायचं नाही, ही आमच्या धंद्यातली जुनी म्हण मलाही पाठ होती. पण गोळी सुरक्षित आहे हे सांगितलं की आपलं काम झालं, असं त्या दिवशी मला वाटलं होतं.

त्यांनी गाडीतून उतरवलं तेव्हा ऑस्कर उभा राहायला बघत होता, पण मागचे पाय एकमेकांत अडकत होते. दोन पावलं टाकून दारावरच आदळला. दार त्याला दिसलंच नव्हतं. डोळ्यांच्या बाहुल्या इतक्या पसरलेल्या की बुबुळाची तपकिरी कड जेमतेम उरलेली. डोळ्यांपुढे झटकन हात नेला, पापणी लवली नाही. तोंडातून लाळेची तार लोंबत होती आणि स्नायू बारीक बारीक थरथरत होते.

‘काल एक तारीख. रात्री गोळी दिली, पहाटे हे असं. दुसरं काही म्हणजे काहीच दिलेलं नाही.’

टेबलावर घेतल्यावर तो बिथरला. ओरडत पाय झाडायला लागला. माझा हात सवयीनं खणाकडे गेला, अ‍ॅसेप्रोमॅझिनच्या बाटलीकडे. रोजचं शांत करायचं औषध ते. बाटली हातात आल्यावर भान आलं. आयव्हरमेक्टिन ज्या कुत्र्यांच्या मेंदूत घुसतं, त्यांना हेही जास्त आणि लांबलचक चढतं. बाटली परत ठेवली, खोलीतले दिवे बंद केले आणि त्याच्यावर चादर टाकली. अंधारात तो बराच निवला. त्या अर्ध्या मिनिटाबद्दल मी त्या दिवशी कुणाला काही बोलले नाही.

मग कागद घेतला. गोळीत २७२ मायक्रोग्रॅम, कुत्रा चोवीस किलोचा, म्हणजे किलोला साधारण ११. हार्टवर्म रोखायला किलोला ६ पुरतात. ज्यांच्यात या औषधाबाबत जन्मजात खोट आहे अशा कॉलींना त्रास व्हायला लागतो तो किलोला १००च्या आसपास. खरजेसाठी हेच औषध रोज ३०० ते ६०० देतात, आणि जुन्या म्हणीतली भीती तिथली. आकडेमोड दोनदा केली. गोळीच्या हिशेबात हे बसेना. पण समोरचा कुत्रा तर डोक्यापासून शेपटीपर्यंत आयव्हरमेक्टिनच सांगत होता. हिशेब दाखवला तर मालकांना वाटणार, बाई स्वतःची कातडी वाचवतेय. खरं सांगायचं तर थोडं तेही होतंच.

उत्तर सापडलं ते आमच्या असिस्टंटला. सलाईन लावायला तो पुढच्या पायावरचे केस मशीननं काढत होता. पायाच्या मागच्या लांब झालरीत पांढरा, वाळलेला पापुद्रा अडकला होता. मी तो आल्याआल्या पाहिला होता आणि लाळ समजून सोडून दिला होता. असिस्टंटनं ती बट कापून नाकाशी नेली.

‘मॅडम, सफरचंदाचा वास येतोय.’

मी वास घेतला. आलाच.

‘घोडे आहेत तुमच्याकडे?’

‘चार आहेत. का?’

‘त्यांना जंताचं औषध कधी दिलं?’

मालक माझ्याकडे बघतच राहिले. ‘कालच. एक तारखेला सगळ्यांचे जंत एकदम उरकतो. लक्षात राहायला सोपं पडतं.’

त्यांनी तिथूनच मोतद्दाराला फोन लावला. एका घोडीला पेस्ट अजिबात आवडत नाही, तिनं मान झटकून अर्धीअधिक थुंकली होती. खाली कुठे पडली? ऑस्करनं चाटून साफ केली. मोतद्दाराला त्यात वावगं काही दिसलं नव्हतं. जंताचं औषध म्हणजे कुत्र्यालाही चांगलंच, असं तो म्हणाला. आणि लीद? ती तर ऑस्कर रोजच खातो.

आता हिशेब जुळला. घोड्यांची ती सफरचंदाच्या वासाची पेस्टही आयव्हरमेक्टिनचीच. पाचशे किलोच्या घोड्याला एका वेळी १०० मिलिग्रॅम, म्हणजे एक लाख मायक्रोग्रॅम जातात. त्यातलं बरंचसं पुढचे काही दिवस लिदीतून बाहेर पडतं. पेस्ट १.८७ टक्क्यांची, म्हणजे एका ग्रॅममध्ये जवळजवळ १९ मिलिग्रॅम. ऑस्करसाठी धोक्याची रेघ सुमारे अडीच मिलिग्रॅमवर. हरभऱ्याच्या दाण्याएवढी पेस्टसुद्धा त्याच्या पलीकडे जाते, आणि यानं तर पूर्ण शिंतोडा चाटला होता. त्या हिशेबात माझी गोळी म्हणजे किस झाड की पत्ती.

मालकांनी मग तो प्रश्न विचारला, जो वर्षभरापूर्वी मी आपणहून उलगडायला हवा होता. ‘पण घोड्याला काही होत नाही, गावठी कुत्र्याला होत नाही, मग यालाच का?’

हे औषध जंतांच्या नसा लुळ्या पाडतं. आपल्या आणि कुत्र्यांच्या मेंदूतही त्याला धरायला जागा आहेत, पण तिथवर ते पोचत नाही. मेंदूच्या बारीक रक्तवाहिन्यांच्या भिंतीत एक पंप असतो, पी-ग्लायकोप्रोटीन नावाचा. आत शिरू पाहणारं औषध तो उचलून परत रक्तात फेकतो. पंपाचा नकाशा एमडीआर-१ या जनुकात असतो आणि मेंढपाळी जातींच्या कित्येक कुत्र्यांत त्यातली चार अक्षरं गळालेली असतात. चारच, पण त्यामुळे पुढचं सगळं वाचन चुकतं आणि पंप अर्धवटच बनतो. कॉलींना हे औषध बाधतं हे १९८०च्या दशकातच दिसलं होतं, कारण मात्र २००१मध्ये वॉशिंग्टन स्टेट युनिव्हर्सिटीत कॅट्रिना मीली यांच्या गटानं शोधलं. कॉलींमध्ये दहातल्या सातांकडे ही खोट जनुकाच्या दोन प्रतींपैकी एका तरी प्रतीत असते, ऑस्ट्रेलियन शेफर्डमध्ये निम्म्यांकडे. बॉर्डर कॉलीत मात्र फारच कमी, जरी नावामुळे लोक तिलाच आधी घाबरतात.

अर्थात इतकं नीट मी तेव्हा बोलले नाही. अंधाऱ्या खोलीत, एका हातानं ऑस्करचं डोकं धरून, तुकड्यातुकड्यांनी सांगितलं.

याला उतारा नाही. औषध निघून जाईपर्यंत कुत्रा जिवंत ठेवायचा, एवढंच. ओकारी काढता येईना, कारण तो धड गिळतही नव्हता, सगळं फुप्फुसात गेलं असतं. म्हणून श्वासनळीत नळी घालून आधी श्वासाची वाट सुरक्षित केली आणि मग पोटात कोळशाची पूड सोडली. हे औषध पित्तातून पुन्हा आतड्यात उतरतं, त्यामुळे कोळसा परत परत द्यावा लागतो. शिरेतून लिपिडही दिलं. चरबीत विरघळणारं विष रक्तातल्या चरबीनं ओढून घ्यावं हा त्यामागचा विचार. फार फरक पडला नाही. पंपच नसलेल्या कुत्र्यांत त्याच्यावर भिस्त ठेवता येत नाही.

संध्याकाळपर्यंत ऑस्कर पूर्ण बेशुद्ध झाला. दुसऱ्या रात्री श्वास मिनिटाला पाचवर आला आणि असिस्टंट आणि मी पाळीपाळीनं अँब्यू बॅग, म्हणजे हातानं श्वास द्यायची पिशवी, दाबत बसलो. पुढचे दिवस सांगण्यासारखे नाहीत, दर काही तासांनी कूस बदलायची, डोळ्यांत मलम, लघवी दाबून काढायची, पुन्हा कूस. मालक रोज येऊन स्टुलावर बसायचे. गोळीबद्दल ते पुन्हा काही बोलले नाहीत, मीही नाही.

पाचव्या दिवशी दुपारी असिस्टंटच्या हातून स्टीलचं भांडं फरशीवर पडलं आणि ऑस्करचा डावा कान हलला. मी आणखी एकदा मुद्दाम पाडलं. पुन्हा हलला. मग तिसऱ्यांदाही पाडलं, उगाच.

आठवड्यानं त्याला दिसायला लागलं, अकराव्या दिवशी तो स्वतःच्या पायांनी घरी गेला. गालाच्या आतून घेतलेल्या नमुन्याचा रिपोर्ट नंतर आला. एमडीआर-१च्या दोन्ही प्रती बिघडलेल्या. तो कागद मालकांच्या हातात देताना या वेळी मी सगळी यादी सांगितली. माणसांची जुलाब थांबवायची लोपरामाइडची गोळी घरात असेल तर ती कधीही नाही. भूल द्यायची वेळ आली तर आधी हा कागद दाखवायचा. कधी कॅन्सर झालाच, तर व्हिन्क्रिस्टिनचा डोस ठरवण्याआधीही. घोड्यांना पेस्ट देताना कुत्रा बांधून ठेवायचा, सांडलेली लगेच पुसायची आणि पुढचे काही दिवस लीद त्याच्या तोंडी लागू द्यायची नाही.

‘आणि हार्टवर्मची गोळी बंद ना?’

‘नाही. चालू.’

ते खुर्चीत मागे रेलले. मला त्यांचा राग आला नाही. अकरा दिवस स्टुलावर बसलेल्या माणसाला ‘ज्या औषधानं हे झालं तेच दर महिन्याला द्या’ म्हणून सांगणं विचित्रच आहे. पण डास थांबत नाहीत. एका चाव्यातून आलेली अळी सहाएक महिन्यांत फुप्फुसाच्या धमनीत सुतळीसारखा किडा होऊन बसते, आणि ती काढायचे उपचार या सगळ्यापेक्षा सोपे नाहीत. ६ आणि १०० यांच्यामधलं अंतर मी त्यांना परत कागदावर काढून दाखवलं. त्यांनी तो कागद घडी घालून खिशात ठेवला.

पुढच्या एक तारखेला फोन आला. गोळीचे दोन तुकडे करून आज अर्धी, उद्या अर्धी दिली तर? मी म्हटलं, तुकडे नकोत, अख्खी द्या, आणि घोड्यांची तारीख पंधरावर न्या. पलीकडे शांतता. मग रॅपर फाडल्याचा आवाज, मग ऑस्करच्या चावण्याचा. ‘दिली,’ ते म्हणाले, आणि फोन ठेवला नाही. वीसेक मिनिटं आम्ही पावसापाण्याच्या गप्पा मारल्या.

त्याला दोन वर्षं होत आली. एक तारखेला रात्री नऊच्या सुमाराला अजून फोन येतो.