असू दे, लागेल कधीतरी

हॅनोव्हरला आल्यावर मला सगळ्यात आधी जमलं ते जर्मन नव्हे, कचरा. कागद वेगळा, ओला वेगळा, काच तर पांढरी, हिरवी, तपकिरी अशी रंगवार. शेजारच्या आजी खिडकीतून लक्ष ठेवून असतात. रिबिनी, जुनी पाकिटं, लग्नपत्रिका "असू दे, लागेल कधीतरी" म्हणत कपाटात कोंबणाऱ्या आईच्या पोटी जन्मलेली मी, मला हे जडच गेलं. म्हणूनही असेल, पण याच शहरात जन्मलेला चित्रकार कुर्ट श्विटर्स मला पहिल्या भेटीतच आपला वाटला.

माशझे तळ्याच्या काठी श्प्रेंगेल म्युझियम आहे, समोरच्या चौकाला श्विटर्सचंच नाव. त्याची चित्रं लांबून नुसते रंगाचे चौकोन वाटतात. जवळ गेलं की तपकिरी तुकडा तिकीट निघतो, निळा तुकडा कसलं तरी वेष्टन. मधूनच तार, लाकडाची ढलपी, आणि वरून तैलरंग.

ड्रेस्डेनच्या अकादमीत रीतसर शिकलेला हा माणूस. पहिल्या महायुद्धानंतर सगळंच मोडून पडलं होतं, तेव्हा त्याने मोडतोडीतूनच चित्र करायला घेतलं. १९१९ च्या एका चित्रात बँकेच्या जाहिरातीतल्या 'कोमेर्त्स' शब्दाचा 'मेर्त्स' एवढाच तुकडा दिसत राहिला. अर्थ शून्य. त्याने तेच नाव चित्रांना, मासिकाला, सगळ्यालाच लावून टाकलं. पोटासाठी मात्र जाहिरातींचं काम: पेलिकान शाईसाठी, पुढे नगरपालिकेच्या छापील कागदांसाठी.

राहत्या घरात त्याने लाकूड आणि प्लास्टरचं गुहेसारखं काहीतरी उभारलं होतं, मेर्त्सबाऊ. कोनाड्यांत मित्रांच्या बारीकसारीक वस्तू. १९४३ च्या बॉम्बहल्ल्यात ते गेलं. म्युझियममध्ये फोटोंवरून केलेली प्रतिकृती आहे, पण ती मला जरा जास्तच स्वच्छ वाटली. आजींना आवडेल.

जानेवारी १९३७ मध्ये तो नॉर्वेला निघून गेला. त्याच वर्षी नाझींनी 'विकृत कला' म्हणून भरवलेल्या प्रदर्शनात त्याची चित्रं टांगली. पत्नी हेल्मा मागेच राहिली आणि १९४४ मध्ये इथेच वारली. १९४० मध्ये जर्मन सैन्य नॉर्वेत घुसलं, हा बोटीने ब्रिटनला पोचला, तर तिथे शत्रुराष्ट्राचा नागरिक म्हणून आइल ऑफ मॅन बेटावरच्या छावणीत रवानगी. छावणीत सामान कुठलं? याने ओटच्या लापशीचे पुतळे केले. त्यांना बुरशी यायची.

मी सगळ्यात जास्त वेळ थांबले ती या ब्रिटनमधल्या कोलाजांपुढे. आता कागद इंग्रजी झालेत: टॉफीची वेष्टनं, बसची तिकिटं. खालची तारीख झाकली तरी माणूस कुठे राहतोय ते कळतं. माझी पर्स उलटी केली तर माझंही कळेल: ट्रामची तिकिटं, बेकरीच्या पावत्या, आणि तळाशी पुण्याच्या रिक्षावाल्याने सुट्ट्यांऐवजी दिलेलं चॉकलेट.

१९४५ पासून तो इंग्लंडच्या लेक डिस्ट्रिक्टमध्ये, अँबलसाइडला राहिला. गावकऱ्यांची व्यक्तिचित्रं आणि निसर्गचित्रं विकून भागवायचा. ही 'साधी' चित्रं त्याच्या काही चाहत्यांना अडचणीची वाटतात. मला नाही वाटत. घरभाडं कोलाजने भागत नव्हतं. १९४७ मध्ये एल्टरवॉटरच्या एका दगडी कोठारात त्याने पुन्हा मेर्त्सबाऊसारखी एक भिंत घडवायला घेतली. ती अर्धवट राहिली, आता न्यूकॅसलच्या हॅटन गॅलरीत आहे. ७ जानेवारी १९४८ ला ब्रिटिश नागरिकत्व मंजूर झाल्याचं कळलं, ८ तारखेला तो गेला. व्हिसाच्या कागदांसाठी रांगेत उभं राहिलेल्यांना ही तारीख वेगळी समजावून सांगायला नको.

१९७० मध्ये त्याच्या अस्थी हॅनोव्हरला आणल्या. एंगेझोहडेच्या दफनभूमीत मी शोधत गेले. त्याच्याच एका शिल्पाची संगमरवरी प्रत, आणि दगडावर पाचच जर्मन शब्दांची ओळ. तिचा मराठी अर्थ: कधी काय लागेल, कोणी सांगावं!

फोटो काढून आईला पाठवला.