आईच्या खांद्याला प्लेट की सळी?

"ताई, आईच्या खांद्याला प्लेट टाकायची की सळी? सर्जननी उद्यापर्यंत कळवायला सांगितलंय." नौपाड्यातल्या माझ्या फिजिओथेरपीच्या खोलीत हा प्रश्न सगळ्यात जास्त पावसाळ्यात येतो. ओल्या फरशीवर नाहीतर स्टेशनच्या जिन्यावर पाय घसरतो, माणूस हात टेकतो आणि दंडाचं हाड खांद्यापाशी मोडतं. ऑपरेशन मी करत नाही, पण त्यानंतरचे हात महिनोन् महिने माझ्या हातात असतात. तुम्ही विचारलंत म्हणून सांगते.

प्लेट म्हणजे हाडावर बाहेरून स्क्रूंनी बसवायची धातूची पट्टी. प्लेट की सळी, यात मला खरी काळजी वाटते ती हाडाची. दंडाच्या वरच्या टोकाचा गोळा आतून जाळीदार असतो. पाळी गेल्यानंतर बायकांमध्ये ही जाळी झपाट्याने विरळ होते, आणि स्क्रूंना धरायला जागा तीच. हल्लीच्या लॉकिंग प्लेटमध्ये स्क्रूच्या डोक्यालाही आटे असतात, त्यामुळे तो प्लेटमध्येच घट्ट बसतो. ठिसूळ हाडात ही प्लेट जुन्या प्लेटपेक्षा चांगली टिकते. पण गोळा खाली बसू लागला, तर असा स्क्रू मागे सरत नाही. तो गोळा फोडून बाहेर येतो आणि गोळा ज्यात फिरतो त्या सांध्याच्या वाटीला घासतो.

चौऱ्याहत्तर वर्षांच्या एक आजी माझ्याकडे आल्या होत्या, प्लेट बसवून दोन महिने झाले होते. हात फिरवला की माझ्या तळव्याला आतून करकर जाणवायची. व्यायाम थांबवून मी त्यांना एक्स-रे काढायला पाठवलं. दोन स्क्रू गोळ्याबाहेर आले होते. व्यायाम म्हटला की दुखायचंच, असं सगळे म्हणत होते म्हणून त्या पंधरा दिवस गप्प सोसत होत्या. त्यांना दुसऱ्यांदा टेबलावर जावं लागलं. म्हणून प्लेट ठरली, तर सर्जनना एवढं नक्की विचारा: काखेकडच्या बाजूचं हाड चुरलंय का? तिथला आधार गेला की गोळा आत कलतो. मग त्याला खालून तोलून धरणारे स्क्रू घालावे लागतात, कधी पोकळीत हाडाचा तुकडाही बसवतात.

सळी हाडाच्या पोकळीतून मधोमध जाते, भार चांगला पेलते आणि तिला काप लहान लागतो. हाड गोळ्याखालच्या निमुळत्या भागापाशी मोडून दोनच तुकडे झाले असतील, तर ती मला आवडते. मात्र तिला आत शिरायला हात वर उचलणाऱ्या स्नायूतूनच वाट काढावी लागते. सरळ सळी त्याच्या मांसल भागातून जाते. जुनी बाकदार सळी स्नायू हाडाला चिकटतो तिथल्या दोरीसारख्या भागातून जायची, आणि खांदा पुढे दुखत राहायचा.

आता तुम्ही न विचारलेलं. गोळा, त्याचे दोन उंचवटे आणि खालचा दांडा असे चार भाग धरायची पद्धत अमेरिकेतले सर्जन डॉ. चार्ल्स नीअर यांनी १९७० मध्ये घालून दिली. एखादा भाग १ सेंटिमीटरहून जास्त सरकला किंवा ४५ अंशांहून जास्त वळला, तरच तो वेगळा तुकडा मोजायचा. सत्तरीच्या बाईचे चारही सुटले असतील, तर मी प्लेटचा आग्रह धरणार नाही. तिथे रिव्हर्स नावाचा कृत्रिम सांधा बरा. त्यात गोळा वाटीच्या जागी आणि वाटी गोळ्याच्या जागी बसवतात, मग फाटक्या स्नायूंचं काम खांद्यावरचा मोठा डेल्टॉइड स्नायू करतो. फ्रान्सचे सर्जन पॉल ग्रामाँ यांची ही कल्पना. नॉर्वेत ६५ ते ८५ वयाच्या १२४ रुग्णांवर झालेला अभ्यास २०२० मध्ये छापून आला. त्यात दोन वर्षांनी रिव्हर्सवाले हात प्लेटवाल्यांपेक्षा चांगले चालत होते.

आणि सरकलेलं प्रत्येक हाड उघडावंच लागतं असंही नाही. ब्रिटनमध्ये २५० रुग्णांपैकी निम्म्यांचं ऑपरेशन केलं, निम्म्यांचा हात नुसता झोळीत ठेवला. २०१५ मध्ये निकाल आला, दोन वर्षांनंतर दोघांच्या हातांत म्हणण्यासारखा फरक नव्हता. गोळा वाटीतून निखळलेले रुग्ण त्यात घेतले नव्हते, त्यांची गोष्ट वेगळी. तुमच्या आईंचा गोळा जागेवर असेल, तर "झोळीत ठेवून चालेल का?" हे उद्या पहिल्यांदा विचारा. त्यात कंजुषी दिसेल असं मनातही आणू नका.

आज रात्री आईंशीही बोला. वेणी कोणत्या हाताने घालत होत्या, वरच्या फळीवरचा डबा काढत होत्या का, बसमध्ये वरची दांडी धरत होत्या का, हे लिहून घेऊन सर्जनकडे न्या. हाडांच्या घनतेची तपासणीही आताच करून घ्या, कारण खांदा मोडलेल्या बाईला पुढच्या वर्षभरात खुबा मोडायचा धोका जास्त असतो. सर्जननी परवानगी दिली की आईंना माझ्याकडे आणा. पहिल्या दिवशी फक्त पुढे वाकून हात लोंबता सोडायचा आणि घड्याळाच्या लंबकासारखा हलवायचा. आणि आत करकर वाटली, तर त्यांनी मला तिथल्या तिथे सांगायचं.