पॉलिसी एका दुपारी, नावं जुळवायला दीड महिना

टर्म विमा म्हणजे ठरलेल्या मुदतीत मृत्यू झाला तरच कुटुंबाला पैसे देणारा विमा. त्याचा अर्ज एजंटाच्या मदतीने ऑनलाइन भरायला मला दोन तास लागले. पुढचा दीड महिना गेला तो पैसा नेमका कुणाच्या हातात पडणार, हे कागदावर पक्कं करण्यात.

आधी रकमेचा हिशेब. ‘पगाराच्या दहापट’ हा ठोकताळा बाजूला ठेवून मी घरखर्च धरला. महिना ४५,०००, त्यातून माझे स्वतःचे ८,००० वजा. उरलेले ३७,००० गुणिले १२, गुणिले ३० वर्षं, म्हणजे साधारण १ कोटी ३३ लाख. ठेवींवरचं व्याज महागाईतच जाईल असं धरलं, म्हणून गुणाकार सरळ. त्यात गृहकर्जाचे ३२ लाख आणि मुलीच्या शिक्षणाचे २५ लाख मिळवले, पीएफ आणि मुदत ठेवींचे १८ लाख वजा केले. आले १ कोटी ७२ लाख. कव्हर, म्हणजे विम्याची रक्कम, घेतलं पावणेदोन कोटींचं. राहतं घर वजा केलं नाही. विटा देऊन किराणा मिळत नाही.

मुदत साठीपर्यंतच घेतली. ८५ वर्षांपर्यंतचं कव्हर हौसेने विकलं जातं, पण पगारच थांबला की त्याची भरपाई कसली?

प्रस्तावपत्रात, म्हणजे विम्याच्या अर्जात, आजारांच्या प्रश्नांपुढे एजंटाने सगळीकडे ‘नाही’वर खूण केली होती, वडिलांच्या मधुमेहापुढेसुद्धा. पॉलिसीसोबत या पत्राची प्रत येते, ती ओळ न् ओळ वाचावी. पॉलिसी हाती आल्यापासून ३० दिवस ती परत करण्याची मुभा असते. त्या मुदतीत मी लेखी दुरुस्ती करून घेतली. विमा कायद्याच्या कलम ४५ नुसार तीन वर्षांनंतर कंपनीला पॉलिसीवर आक्षेप घेता येत नाही, पण त्याआधी दावा आला तर हीच खूण कुटुंबाच्या आड येते. महिन्यातून दोनदा ओढलेली सिगारेटही लिहावी. लघवीच्या तपासणीत कोटिनिन (शरीरात निकोटिनपासून बनणारा पदार्थ) सापडतं.

धंद्याचं कर्ज असेल किंवा कुणाला जामीन राहिला असाल, तर विवाहित स्त्रियांचा मालमत्ता कायदा, १८७४ याखाली पॉलिसी घ्या. त्याच्या कलम ६ प्रमाणे ही रक्कम पत्नी-मुलांसाठीचा न्यास (ट्रस्ट) ठरते, नवऱ्याच्या मालमत्तेत धरली जात नाही, त्यामुळे सावकाराचा हात तिथे पोचत नाही. (सावकाराला बुडवायच्याच हेतूने पॉलिसी घेतल्याचं सिद्ध झालं, तर त्याचं येणं पॉलिसीच्या रकमेतून वसूल होऊ शकतं.) जोडपत्रात लाभार्थींचे टक्के आणि विश्वस्ताचं नाव लागतं. हे अर्ज करतानाच करायचं, मागाहून जोडता येत नाही. नंतर आपल्या मर्जीने नावंही बदलता येत नाहीत, म्हणून संसार डळमळीत असेल तर दहादा विचार करावा. गृहकर्जासाठी बँकेच्या नावे करून द्यायची पॉलिसी वेगळीच ठेवावी.

खरा घोळ नावांचा. पत्नीच्या पॅनवर माहेरचं आडनाव, आधारवर सासरचं, बँकेत मधल्या नावाचं नुसतं आद्याक्षर. तिन्ही ठिकाणी ती एकच बाई आहे, हे दाव्याच्या वेळी तिलाच सिद्ध करत बसावं लागलं असतं. विवाह नोंदणी प्रमाणपत्र जोडून पॅन बदललं, मग बँकेचं केवायसी. आधारला हात लावला नाही. तिथे नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं, ती संधी उगाच कशाला घालवा.

पीएफमध्ये आईवडिलांच्या नावे केलेलं नामनिर्देशन लग्नानंतर रद्दबातल होतं, हे पुष्कळांच्या गावीही नसतं. मी यूएएनने (पीएफ खात्याचा कायमचा क्रमांक) लॉगिन करून ई-नॉमिनेशन भरलं: पत्नी-मुलीचे आधार क्रमांक, फोटो, वाटे. ‘सेव्ह’ करून थांबलो तर अर्ज अर्धवटच राहिला. आधार ओटीपीने ई-साइन केल्यावरच तो पूर्ण होतो. नोकरीत असताना मृत्यू झाला तर ईडीएलआयचे (पीएफला जोडलेल्या विम्याचे) कमाल ७ लाख असतात, तेही याच नोंदीवरून मिळतात.

बँक खातं आणि म्युच्युअल फंडात मात्र नॉमिनी हा मालक नसतो, तो पैसा वारसांसाठी सांभाळणारा. म्हणून साध्या कागदावर, दोन साक्षीदारांच्या सह्यांनी मृत्युपत्र केलं. साक्षीदार लाभार्थींपैकी नसावेत, एवढं पाळलं.

निवृत्तीचा आकडा बोचरा आहे. आजचा महिन्याचा ४०,००० चा खर्च ६ टक्के महागाईने २० वर्षांनी सुमारे १ लाख २८ हजारांवर जातो. १५,००० च्या वेतनमर्यादेत ३५ वर्षं नोकरी झाली, तरी ईपीएसचं (पीएफसोबतच्या पेन्शन योजनेचं) पेन्शन महिना ७,५०० च. त्याच्या भरवशावर न राहता दरमहा गुंतवणूक सुरू केली आणि पगारवाढ झाली की तीही वाढवायची असं ठरवलं.

आरोग्य विम्यात कंपनीचं कव्हर नोकरीबरोबर संपतं. आधीपासूनच्या आजारांसाठी प्रतीक्षाकाल जास्तीत जास्त ३ वर्षांचा असू शकतो, म्हणून स्वतःची पॉलिसी निवृत्तीच्या निदान तीन वर्षं आधी हवी. साठीनंतर बीपीची गोळी सुरू असताना अर्ज केला तर कंपनी हप्ता वाढवते किंवा सरळ नकार देते. मी ती आत्ताच घेतली.