बारावीत कावीळ, समोर नीट: सक्तीच्या रजेत अभ्यास कसा लावला

हेपॅटायटिस ए ही पाण्यातून आणि अन्नातून पसरणारी कावीळ. पावसाळ्यात विहिरीच्या वरच्या अंगाला शेजारच्या घराचा सोकपिट, म्हणजे संडासचं पाणी मुरवणारा खड्डा, असला की तिला तेवढं निमित्त पुरतं, आणि मग ती येते तीही बारावीचा अभ्यास ऐन भरात असताना. या विषाणूवर खास औषध नाही. तो आपला आपण जातो, यकृत आपलं आपण सावरतं. डॉक्टर लिहून देतात ती मुख्यतः विश्रांती, आणि अशक्तपणा जाऊन पुन्हा वर्गात बसण्याइतकं होईपर्यंत चार ते सहा आठवडे सहज जातात. नीट ही मेडिकलची प्रवेश परीक्षा समोर असताना हे आठवडे कसे लावले ते इथे मांडलं आहे. टायफॉईड, डेंगू किंवा पाय मोडून घरी बसलेल्यांनाही यातलं बरंच लागू पडेल. फक्त पाय मोडलेल्याचं डोकं पहिल्या आठवड्यापासून ताजं असतं, कावीळवाल्याचं नसतं.

सुरुवात कागदांपासून करावी, कारण ते काम आजाऱ्याला उठवल्याशिवाय आई-बाबांना करता येतं. डॉक्टरांच्या सर्टिफिकेटवर चार गोष्टी हव्यातच: आजाराचं नाव, रजेची 'पासून' तारीख, 'पर्यंत' तारीख, आणि सही-शिक्क्याबरोबर डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक. 'विश्रांतीची गरज आहे' एवढंच लिहिलेला कागद पुढे उपयोगी पडत नाही. रजा वाढली तर दुसरं सर्टिफिकेट पहिल्याची मुदत संपते त्याच्या दुसऱ्या दिवसापासूनचं घ्यावं, मधे दिवस मोकळा राहू देऊ नये. अर्ज प्राचार्यांच्या नावे, दोन प्रतींत. एक प्रत हायर सेकंडरीच्या ऑफिसात द्यायची, दुसरीवर आवक शिक्का घेऊन ती आपल्या फाइलीत ठेवायची. क्लास टीचरना व्हॉट्सॲपवर पाठवलेला फोटो म्हणजे अर्ज नव्हे. त्याच अर्जात रजेत येणाऱ्या युनिट टेस्टचं काय, पुन्हा घेणार की बाकीच्या गुणांवरून धरणार, हे विचारून लेखी उत्तर मागावं. तोंडी 'बघूया' म्हणणारे सर नंतर बदलून गेलेले असतात.

उपस्थितीची भीती लोकांना वाटते तेवढी खरी नसते. ७५ टक्क्यांचा हिशेब मांडून बघा. वर्षाचे २०० दिवस धरले तर ५० दिवस हातात असतात. सहा आठवडे म्हणजे आठवड्याला सहा दिवसांनी ३६. नुसत्या आजारपणाने सहसा कोणी अडत नाही. अडतं ते चवथीच्या (गणेश चतुर्थीच्या) आधी-नंतर आणि क्लासच्या टेस्टसाठी मारलेल्या दांड्या त्यात मिळवल्या की. त्यामुळे रजेच्या पहिल्याच आठवड्यात हजेरीपटावरचा आजवरचा आकडा विचारून घ्यावा.

आजारपणाचे नियम थोडक्यात, कारण ते मोडले तर अभ्यासाचं वेळापत्रक कागदावरच राहतं. डोळे पिवळे दिसल्यापासून साधारण आठवडाभर आजार दुसऱ्याला लागू शकतो. तोवर टॉवेल वेगळा, हात साबणाने, घरच्यांचेही. या विषाणूला बाहेरचं चरबीचं आवरण नसतं, म्हणून सॅनिटायझर त्याच्यावर नीट चालत नाही. पाणी खळखळ उकळलेलं. खाणं जे पोटात राहील ते: उकड्या तांदळाची पेज, मऊ भात, डाळ, फळं. तळलेलं टाळायचं ते मळमळतं म्हणून, त्यात दुसरं काही गूढ नाही. काविळीवर म्हणून गाड्यावरचा उसाचा रस लोक आग्रहाने पाजतात, त्यातला बर्फ कुठल्या पाण्याचा हे कोणी विचारत नाही. कालवं, तिसऱ्या या पाणी गाळून जगणाऱ्या शिंपल्यांतल्या जीवांत विषाणू साठतो, त्यामुळे बरं झाल्यावरही घरात त्या पूर्ण शिजूनच याव्यात, कारण बाकीच्यांना अजून लागण व्हायची असते.

आणि कामणीचं, म्हणजे काविळीचं, गावठी औषध. गावागावांत कोणीतरी मुळी देणारा असतो. पथ्य पाळून आठ दिवसांत बरं वाटतं, कारण हेपॅटायटिस ए बहुतेकांचा तसाही उतरणीला लागलेला असतो. पण काही वनौषधी स्वतःच यकृताला इजा करतात, आणि सुजलेल्या यकृतावर हा जुगार खेळू नये. ताप आला म्हणून पॅरासिटामॉलही डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. गुंगी येणं, बरळणं, उलट्या न थांबणं, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त येणं यांपैकी काहीही दिसलं तर १०८ ला फोन करून थेट बांबोळीला, गोवा मेडिकल कॉलेजच्या हॉस्पिटलात, जायचं. तिथे उद्यावर ढकलण्यासारखं काही नसतं.

आता अभ्यास. इंटरनेटवर मेडिकलच्या वाटेवरच्या विद्यार्थ्यांनी आजारपणाची रजा कशी वापरावी यावर जे लिहिलेलं सापडतं ते बहुतेक अमेरिकेतलं असतं: डॉक्टरांबरोबर फिरा, स्वयंसेवक व्हा, अर्जातल्या निबंधात या रजेचं काय झालं ते लिहा. तिथल्या प्रवेशात त्याला वजन आहे. इथे एमबीबीएसची जागा नीटच्या गुणांवर मिळते, आणि बारावीत फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी मिळून खुल्या वर्गाला ५० टक्के लागतात. बाकी काहीही मोजलं जात नाही. अंगात ताकद नसताना हॉस्पिटलच्या ओपीडीत उभं राहून 'अनुभव' घेण्यात ना शरीराचा फायदा, ना प्रवेशाचा.

नीटमध्ये १८० मिनिटांत १८० प्रश्न असतात: फिजिक्सचे ४५, केमिस्ट्रीचे ४५, बायोलॉजीचे ९०. बरोबर उत्तराला ४ गुण, चुकीला उणे १. म्हणजे ७२० पैकी ३६० गुण बायोलॉजीचे, आणि बायोलॉजी एनसीईआरटीच्या ओळींतून येते. थकलेल्या डोक्याला वाचन झेपतं, गणित झेपत नाही. रजेचा सगळा क्रम मी या एका गोष्टीवर बांधला.

पहिल्या आठवड्यात काही करायचं नाही. डोळे पिवळे असताना आणि अन्नाचा वास नको असताना पुस्तक उघडलं तर फक्त अपराधीपणा वाढतो. फार तर वीस मिनिटांचं रेकॉर्डेड लेक्चर कानाने ऐकावं, झोप आली तर येऊ द्यावी.

दुसऱ्या आठवड्यापासून सकाळी ४०-४० मिनिटांच्या दोन बैठका, मधे तासभर आडवं. एका बैठकीत एनसीईआरटीची चार-पाच पानं, त्यापेक्षा जास्त नाही. पान वाचायचं, पुस्तक मिटायचं, आणि प्रत्येक परिच्छेदावर एक प्रश्न वहीच्या डाव्या बाजूला लिहायचा. उत्तर लगेच लिहायचं नाही, ते दुसऱ्या दिवशी सकाळी न बघता लिहायचं. अधोरेखन करू नये. आजारपणात पिवळ्या पेनाने रंगवलेलं पान अभ्यास झाल्यासारखं दिसतं आणि दोन आठवड्यांनी काही आठवत नाही. बारावीच्या १३ धड्यांपैकी आधी इकॉलॉजीचे तीन घ्यावेत, भाषा सोपी आणि आकृत्या थोड्या. मग रिप्रॉडक्टिव्ह हेल्थ, ह्यूमन हेल्थ अँड डिसीज, बायोटेक्नॉलॉजीचे दोन. मॉलिक्युलर बेसिस ऑफ इनहेरिटन्सला तिसऱ्या आठवड्याआधी हात लावू नये. तो धडा एका धाग्याने ओवलेला आहे, मधेच झोपून उठलं की पुन्हा पहिल्यापासून सुरू करावा लागतो.

पुस्तक नव्या आवृत्तीचं आहे ना ते बघा. दादा-ताईंच्या जुन्या पुस्तकात अकरावीचे २२ आणि बारावीचे १६ धडे आहेत, आता १९ आणि १३ आहेत. गंमत म्हणजे काविळीच्या रोग्याला ओढ वाटेल तो डायजेशन अँड ॲब्सॉर्प्शनचा धडाच वगळलेल्यांत आहे.

तरी आपली स्वतःची फाइल अर्धा तास वाचण्यासारखी असते. आयजीएम अँटी-एचएव्ही (या विषाणूविरुद्ध आधी तयार होणारी अँटीबॉडी) पॉझिटिव्ह म्हणजे लागण ताजी. पुढे आयजीजी ही टिकणारी अँटीबॉडी राहते आणि या विषाणूची नवी लागण पुन्हा होत नाही. इम्युनिटीच्या भागातला प्रायमरी आणि सेकंडरी रिस्पॉन्स इथे आपल्याच रक्तात दिसतो. लघवी गडद का, तर काविळीचं पिवळं रंगद्रव्य, म्हणजे पाण्यात विरघळणारं कॉन्जुगेटेड बिलिरुबिन, मूत्रपिंडातून बाहेर पडतं. तेच आतड्यात कमी पोचतं म्हणून शौच फिकट. एसजीपीटी हे यकृताचं एन्झाइम हजाराच्या वर गेलेलं पाहून घाबरायला होतं, पण डॉक्टरांची नजर त्याहून जास्त प्रोथ्रॉम्बिन टाइमवर असते, कारण रक्त गोठवणारी प्रथिनं यकृत बनवतं आणि ते काम चाललंय की नाही हे त्यातून कळतं. एवढं पुरे. रात्री फोनवर 'लिव्हर फेल्युअर' शोधत बसणं हा अभ्यास नव्हे.

तिसऱ्या आठवड्यात जेनेटिक्स आणि इनऑरगॅनिक केमिस्ट्री आणावं. फिजिक्स आणि फिजिकल केमिस्ट्रीची गणितं चौथ्या आठवड्यात, तीही आधी पुस्तकातली सोडवलेली उदाहरणं हाताने पुन्हा लिहून, मग दिवसाला पंधरा प्रश्न. याआधी घाई केली तर नुकसान होतं. थकव्यात चिन्ह चुकतं, एकक चुकतं, उत्तर येत नाही, आणि आपल्याला इलेक्ट्रोस्टॅटिक्स येतच नाही अशी समजूत बसते. ती काढायला नंतर महिना जातो.

अभ्यास वाढवायचा की नाही हे त्या दिवशी ठरवू नये, दुसऱ्या दिवशी सकाळी ठरवावं. आदल्या दिवसाचं ओझं झेपलं असेल तर सकाळी भूक नेहमीसारखी लागते. भूक गेली, लघवी पुन्हा गडद झाली किंवा मळमळ परतली तर दोन पावलं मागे, आणि डॉक्टरांना फोन. काहींना हीच कावीळ, नवी लागण न होताही, उतरल्यावर काही आठवड्यांनी पुन्हा डोकं वर काढते.

टेस्ट पायऱ्यांनी वाढवाव्या: आधी बायोलॉजीचे ४५ प्रश्न २५ मिनिटांत, मग मिश्र ९० प्रश्न ९० मिनिटांत, आणि सहाव्या आठवड्यात पूर्ण पेपर. नीट दुपारी २ ते ५ असते, आणि आजाऱ्याची झोपही नेमकी तीच. म्हणून सुरुवातीच्या टेस्ट सकाळी, शेवटची दुपारी, झोप अकराला सरकवून. माझी वाटणी बायोलॉजीला ५० मिनिटं, केमिस्ट्रीला ५०, फिजिक्सला ६५, आणि १५ हातची. ओएमआरची झेरॉक्स वापरून पान संपलं की गोळे भरावेत, शेवटी एकदम नाही. तपासताना चुकलेल्या प्रश्नापुढे त्याचा क्रमांक बघावा. चुका सगळीकडे विखुरल्या असतील तर ज्ञानाची उणीव आहे. १२०व्या प्रश्नानंतर गर्दी केली असेल तर दम कमी पडला आहे, आणि त्यासाठी धडा पुन्हा वाचण्याची गरज नाही.

वर्गातल्या मित्राकडून वहीच्या सगळ्या पानांचे फोटो मागवू नयेत. दीडशे फोटो फोनमध्ये पडून राहतात. त्याला रोज तीन ओळी पाठवायला सांगाव्यात: कुठपर्यंत शिकवलं, सरांनी काय 'महत्त्वाचं' म्हटलं, जर्नलचा कुठला प्रयोग झाला. क्लासची फी भरलेली असते, म्हणून रेकॉर्डिंग आणि पुढच्या बॅचमध्ये बसण्याची परवानगी मागायला संकोच करू नये.

घरी बसल्या होणारं आणखी एक काम म्हणजे नावं जुळवणं. दहावीची मार्कशीट, आधार आणि जन्मदाखला यांवर नावाचं स्पेलिंग एकच आहे का? आडनावात एक अक्षर इकडचं तिकडे असलेली घरं आपल्याकडे कमी नाहीत. आधारमधली दुरुस्ती आणि मामलेदार कार्यालयातला निवासाचा दाखला, दोन्हींना वेळ लागतो, आणि प्रवेशाच्या हंगामात तिथे रांगा असतात.

परतताना फिटनेस सर्टिफिकेट न्यावं, पीटीची सूट त्यातच लिहून घ्यावी. पहिला आठवडा अर्धा दिवस. लॅबमध्ये मात्र आधी हजेरी लावावी, कारण प्रात्यक्षिक घरून भरून निघत नाही. टीचरना सांगून स्टूल मागून घ्यावं, दोन तास उभं राहणं हेच सगळ्यात जड जातं, आणि सॉल्ट ॲनालिसिसच्या वासांनी मळमळतं. म्हणून सुरुवात टायट्रेशनने करावी. ऑक्झॅलिक ॲसिड असेल तर पोटॅशियम परमँगनेट सोडण्याआधी ६० ते ७० अंशांपर्यंत तापवायचं, नाहीतर सुरुवातीचा रंग जाता जात नाही. मोहर्स सॉल्टला तापवायचं नाही. फ्लास्कमध्ये तपकिरी गढूळ दिसलं तर सल्फ्युरिक ॲसिड कमी पडलं आहे, ते रीडिंग टाकून द्यावं. ब्युरेटमधलं द्रावण गडद असल्याने वरची कडा वाचायची. फिकट गुलाबी छटा टिकते तो थेंब ओळखायला हात पुन्हा बसावा लागतो आणि त्याला एकाहून जास्त तास जातात, म्हणून जर्नलमधलं हे पान आधी सही करून घ्यावं, फिजिक्सचा मीटर ब्रिज मागाहून.