न दिसलेली दरड

रेल्वेमार्गाच्या देखभालीत मी बरीच वर्षे काढली आहेत. तरीही मूल्ये या शब्दाचा अर्थ मला नीट कळला तो जुलैतल्या एका रात्री, रत्नागिरीच्या अलीकडच्या एका कटिंगमध्ये, म्हणजे डोंगर कापून रुळांसाठी काढलेल्या खिंडीत.

कोकण रेल्वेचा रोह्यापासून ठोकूरपर्यंतचा मार्ग २६ जानेवारी १९९८ रोजी पूर्ण खुला झाला. सह्याद्रीची लाल, भुसभुशीत माती कापून तो काढलेला असल्यामुळे पावसाळा म्हणजे इथे कसोटीचाच काळ. २००३ साली वैभववाडीजवळ आणि पुढच्याच वर्षी आंबोली गावाजवळ दरडीच्या दगडांमुळे झालेले अपघात इथला कोणताही कर्मचारी विसरलेला नाही. म्हणूनच पावसाळ्यात वेगळे, संथ वेळापत्रक असते, मुसळधार पावसात समोरचे दिसेनासे झाले की वेग ताशी ४० किलोमीटरवर आणतात आणि धोक्याच्या ठिकाणी रात्रभर गस्त चालते.

त्या रात्री आमच्या गस्तीवाल्याने रुळावर फटाके (चाकाखाली फुटून चालकाला सावध करणारे) लावून, लाल बत्ती दाखवून एक्स्प्रेस थांबवली. मी भिजत तिथे पोहोचलो. बॅटरीच्या उजेडात आम्ही उतार, जाळी, रूळ, गटार सगळे तपासले. गटारात थोडी माती आलेली होती, जी दर पावसात येतेच. रुळावर काहीही नव्हते. पंचावन्न मिनिटांनी गाडी सावकाश पुढे सोडली, पण मार्ग एकेरी असल्याने समोरून येणाऱ्या दोन गाड्याही रखडल्या.

अहवाल लिहिताना माझा हात अडखळला. ‘रुळालगत दगड आढळला’ एवढे एक वाक्य लिहिले असते, तर त्या माणसाला कोणी बोलले नसते, आणि मलाही. मी तसे सुचवताच तो अंगावरचे ओले घोंगडे सावरत म्हणाला, “सायब, दगड मी बगितला नाय. आवाज आयकला. तेवडाच लिवा.” मी तेवढेच लिहिले.

सकाळी वरिष्ठांचा फोन आला तेव्हा खुलासा मागतील अशी माझी खात्री होती. त्यांनी विचारले ते वेगळेच: आवाज ऐकल्यापासून फटाके लावून होईपर्यंत किती वेळ गेला? गस्तीवाल्याने न कचरता सांगितले, “सात-आठ मिन्टां. पेटीचा झाकण गंजलाला, उगडना.” फटाके ठेवायच्या त्या पेट्या दर आठवड्याला उघडून पाहण्याची जबाबदारी माझी होती आणि पावसाच्या धांदलीत ती मी दोन आठवडे टाळली होती. गाडी विनाकारण थांबवल्याबद्दल त्याला झापले गेले असते, तर झाकणाची गोष्ट त्याने कशाला सांगितली असती?

गणपतीला लाखो चाकरमानी याच मार्गाने गावी येतात. वेळ पाळण्यावरून ते आमच्यावर रागावतात आणि तो राग रास्तच आहे. पण रात्री गाडीत ते निर्धास्त झोपतात, कारण संशय आला तर गाडी थांबवायला आमचा माणूस घाबरणार नाही हे त्यांनी गृहीत धरलेले असते. ज्या कंपनीत असे थांबवणाऱ्याला जाब द्यावा लागतो, तिथे पुढच्या वेळी बत्ती उशिराच हलते.

त्याच दुपारी मी माझ्या हद्दीतल्या अकराही पेट्या स्वतः उघडून पाहिल्या. आणखी दोन झाकणे अडकत होती. संध्याकाळी गस्त सुरू होण्याआधी ती बदलली आणि आपल्या पेटीचे नवे झाकण गस्तीवाल्याने ओल्या हातांनी तीनदा उघडून पाहिले, मगच बत्ती पेटवून तो कटिंगच्या दिशेने निघाला.