पिपातले उंदीर आणि आमचे मामा

मर्ढेकरांचं मूळ गाव मर्ढे आपल्या सातारा तालुक्यातलं, त्यामुळे इथे ज्यानं त्यांची एक ओळ वाचली नाही तोसुद्धा "आमचे कवी" म्हणतो, ते असो. पण त्यांच्या 'पिपांत मेले ओल्या उंदिर' या कवितेतल्या उंदरांचा अर्थ विचारा की कुणालाही, लगेच कॉलेजात ऐकलेलं म्हणून दाखवेल. यंत्रयुग, महायुद्ध, माणसाची हतबलता. चुकीचं काहीच नाही, फक्त ते दुसऱ्याच्या वहीतून उतरवून घेतलेलं असतं.

आमच्या मामांचं पेठेत किराणा दुकान होतं, तेलाचे डबे, गुळाच्या ढेपा, काकवीची पिपं असा सगळा पसारा. त्यांना एकदा ही कविता मोठ्यानं वाचून दाखवली तर दुसऱ्याच ओळीला थांबवून म्हणाले, "माना मुरगळल्या न्हाईत म्हणतोय ना? म्हंजे कुणी मारलं न्हाई रे त्यांना, आपणच पडले आत. पीप आतनं गुळगुळीत, त्यात ओलं, नख लागत न्हाई कुठं. गोल गोल पोहतंय, पोहतंय आणि दमून मरतंय." पुढे 'उचकी देउन' आलं तर मांडीवर थाप, "बघ, म्हटलं नव्हतं?"

मेलेले उंदीर मी इतक्यांदा वाचले होते पण त्यांना पोहताना कधी बघितलंच नव्हतं, आणि गंमत म्हणजे त्यामुळे यंत्रयुगवाला अर्थ कमी नाही झाला, उलट जास्तच अंगावर आला, कारण मारणारा कुणी दिसतच नाही.

१९६७ मध्ये रोलाँ बार्थ या फ्रेंच समीक्षकानं लेखकाचा मृत्यू जाहीर केला, वाचक जन्मायचा तर लेखकानं मरायला हवं म्हणे, म्हणजे अर्थ वाचकानं लावायचा, लेखकाला विचारत बसायचं नाही. आपल्याकडे काश्मिरात आनंदवर्धन या काव्यशास्त्रकारानं नवव्या शतकातच सांगून ठेवलंय की काव्यातलं न बोललेलं सहृदयाला, म्हणजे रसिक वाचकाला, ऐकू येतं, आणि त्यासाठी कुणाला मारावं लागलं नव्हतं. मला हे जास्त पटतं.

म्हणून काय वाट्टेल तो अर्थ काढायचा असंही नाही हं. शेजारचे एक काका म्हणाले, ही प्लेगची कविता. मामा लगेच, "प्लेगचे उंदीर घरभर पडत्यात, सगळे मिळून पिपात कशाला जातील?" काका गप्प. मर्ढेकर १९५६ लाच गेले, त्यांना विचारायची सोय नाही, पण पीप आहे ना तिथं, ते कसं नाकारणार.

सरकारनंपण मर्ढेकर वाचले होतेच की. ही कविता ज्यात आहे ते 'काही कविता' १९४७ चं पुस्तक, त्याच्यावर अश्लीलतेचा खटला चालला आणि ते निर्दोष सुटले. म्हणजे शब्द तेच, एकाला त्यात गुन्हा दिसला, दुसऱ्याला नाही. मामांना हे सांगितलं तर चष्मा काढून बघतच राहिले माझ्याकडे.

"उंदरांवरनं केस?"