शिकामू, म्वालिमु!

सेरेंगेटीचे चार दिवस एका ओळीत उरकते: सिंह दिसले, पोटभर धूळ खाल्ली, खिसा रिकामा झाला.

सांगायचंय ते बुटियामाबद्दल. टांझानियाचे पहिले राष्ट्राध्यक्ष जुलियस न्येरेरे यांचं हे गाव, व्हिक्टोरिया सरोवराकाठच्या मुसोमापासून थोडं आत. "तिथे काय आहे बघायला?" म्हणत आमच्या गाडीवाल्याने जास्तीचे पैसे मागितले. नवरा म्हणाला, देऊन टाकू. मी हट्टाने दलादला पकडली. दलादला म्हणजे आपलं वडाप. माणसं तशीच कोंबलेली, माझ्या पायाशी कुणाची तरी कोंबडी.

चढणारी प्रत्येक मुलगी पुढच्या सीटवरच्या आजोबांना "शिकामू" म्हणायची, ते "मराहाबा" म्हणायचे. शेजारणीने सांगितलं, मूळ अर्थ 'तुमचे पाय धरते'. अरे, हे तर आपलं पाया पडणंच! मग मीही म्हटलं. आजोबा खूश.

बुटियामात मोठमोठे कातळ, संग्रहालय आणि न्येरेरेंची कबर. झानाकी जमातीच्या प्रमुखाचा हा मुलगा एडिनबराला शिकून आला आणि पुगूच्या शाळेत मास्तर झाला. 1955 मध्ये राजकारणापायी नोकरी सोडली, पण 'म्वालिमु', म्हणजे मास्तर, हे नाव मरेपर्यंत सुटलं नाही. 1961 मध्ये देश स्वतंत्र झाला. राज्य करता करता शेक्सपिअरची दोन नाटकं स्वाहिलीत आणली. 1985 मध्ये आपणहून पायउतार झाले आणि इथे शेती करायला आले. भारताने 1995 चा पहिला गांधी शांतता पुरस्कार यांनाच दिला, आणि मला पत्ताही नव्हता! मी अगदी भारावले होते. (मी लवकर भारावते, नवरा साक्षीला आहे.)

परतीच्या गाडीची वाट बघताना चहाच्या टपरीवर तेच आजोबा भेटले. गाईड आमच्यासोबत होता. त्याच्यामार्फत मी उत्साहाने विचारलं, म्वालिमु कसे होते?

आजोबांनी चहा खाली ठेवला. उजामाच्या, म्हणजे म्वालिमुंच्या सामूहिक गावांच्या योजनेच्या वेळी, म्हणाले, माझं नुकतंच लग्न झालं होतं. सरकारी माणसं आली, सगळ्यांनी नव्या गावात राहायला चला म्हणाली. मी नाही म्हटलं, तर छप्पर उतरवलं. शेत राहिलं इकडे, घर गेलं तिकडे. हे सांगताना गाईडचा आवाज खाली गेला. 1973 ते 1976 मध्ये लाखो लोकांना असं हलवलं होतं. सगळ्यांनी मिळून कसायचं, वाटून खायचं, ही कल्पना. पिकं मात्र बसली.

"मग राग नाही येत?"

"येतो ना," आजोबा हसले. "मास्तरांचा राग येतोच."

आणि उठून, काठी टेकत, कबरीच्या दिशेने बघून काहीतरी पुटपुटले. गाईडला विचारलं, काय म्हणाले? तो म्हणाला, "शिकामू."

गाडी आली. आजोबांना पुढची सीट मिळाली, मला पुन्हा कोंबडीच.